पांढरीत घर बांधण्याआधी: जमिनीखालच्या जुन्या वस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठच्या गावांमध्ये जुन्या वस्त्यांची पाहणी करत मी बरीच वर्षं फिरते आहे. गावात गेलं की पारावर चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. पूर्वी पहिला प्रश्न सोन्याचा असायचा. आता तो प्लॉटचा असतो: "मॅडम, जमीन एन.ए. करायला टाकलीय, तुमच्यामुळे अडकणार नाही ना?" (एन.ए. म्हणजे बिगरशेती.) शेतजमिनीवर घर, गोदाम, मंगल कार्यालय किंवा लेआउट करू पाहणाऱ्यांनी आजवर जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जमिनीखाली जुनी वस्ती आहे हे खणण्याआधी कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी मातीचा रंग बघा. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. हा शब्द उगाच आलेला नाही. मातीच्या भिंती पडतात, त्यांवर पुन्हा भिंती उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, उकिरडा, गवताची छपरं सगळं तिथेच मुरतं आणि शेकडो वर्षांनी त्याची करड्या-पांढऱ्या रंगाची भुसभुशीत माती होते. काळ्या रानात मधेच असा पांढरट उंचवटा दिसला, त्यातही तो नदीच्या वळणावर किंवा दोन ओढ्यांच्या संगमाजवळ असला, तर ती जुनी वस्ती असण्याचा संभव मोठा.

नावंही बोलतात. पांढर, जुनं गाव, गढी, टेकाड ही नावं गावोगाव आहेत. नेवाशाला प्रवरेकाठच्या ज्या टेकडीवर १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन झालं, तिला लोक लाडमोड म्हणतात.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की अशा जागेवरून एकदा सावकाश चाला. पावसाने माती धुऊन निघते आणि खापरं वर येतात. तांबूस रंगावर काळ्या रेघा ओढलेलं, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं पातळ खापर मिळालं, तर ते जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं. (संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी ही भांडी आधी ओळखली गेली, म्हणून हे नाव.) आतून काळी आणि बाहेरून वरच्या कडेला काळी, खाली तांबडी अशी भांडी, हातभर लांबीच्या जाड विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी हे सगळं सातवाहन काळाकडे बोट दाखवतं. गारगोटीची ब्लेडसारखी धारदार पाती मिळाली तर आणखी मागे जावं लागेल.

वर काहीच दिसलं नाही म्हणजे खाली काही नाही, असंही नाही. पुराच्या गाळाखाली वस्ती झाकली जाते. म्हणून शेजारच्या विहिरीची कड आणि ओढ्याची दरड जरूर बघा. तिथे जमीन आधीच कापलेली असते, थर उघडे असतात.

खापरं तर कुठल्याही रानात सापडतात. मग सगळीच बांधकामं थांबवायची का?

मुळीच नाही. शेणखताबरोबर घरातली फुटकी भांडी शेतात जात आली आहेत, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेली चार खापरं म्हणजे वस्ती नव्हे. पावलापावलाला खापर, सोबत राख, हाडांचे तुकडे, जात्याचे किंवा पाट्याचे दगड आणि बदललेली माती हे एकत्र असेल तर ते गंभीरपणे घ्या.

बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे का?

सरसकट नाही, आणि हे मी दुःखाने लिहिते. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजन परवानगीच्या टप्प्यावरच हा विचार होतो आणि तपासणीचा खर्च साधारणपणे बांधणारा करतो. युरोपातल्या देशांनी १९९२ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे यासाठी करार केला. फ्रान्सने २००१ च्या कायद्यानंतर या कामासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच उभी केली. आपल्याकडे एन.ए.च्या प्रक्रियेत रस्ता आहे का, पाणी आहे का हे सगळं बघितलं जातं. खाली तीन हजार वर्षांचं गाव आहे का, हे विचारणारा रकाना नाही.

बंधन येतं ते संरक्षित ठिकाणांच्या आसपास. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या किंवा क्षेत्राच्या हद्दीपासून चारही बाजूंना १०० मीटर हा प्रतिबंधित भाग आहे. तिथे नवं बांधकाम होत नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित भाग आहे, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा कायदा आहे.

आमचा गट १०० मीटरच्या आत येतो की नाही हे कसं कळणार?

इथे एक चूक वारंवार होते. लोक देवळाच्या भिंतीपासून टेप लावतात. अंतर मोजायचं असतं संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, आणि ही हद्द देवळाच्या भिंतीच्या बरीच बाहेर असू शकते. शिवाय प्रत्येक संरक्षित ठिकाण म्हणजे देऊळ किंवा किल्लाच असतो असं नाही. वर एकही दगड नसलेलं पांढरीचं टेकाडही संरक्षित असू शकतं. सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद असेल तर उत्तम, पण नोंद नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मंडळ कार्यालयं मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. गट नंबर आणि मोजणीचा नकाशा जोडून लेखी विचारा. परवानगीचा अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या यंत्रणेतून जातो. प्रतिबंधित भागात तुमचं आधीपासूनचं घर असेल तर त्याची दुरुस्ती परवानगीने करता येते, घाबरून घर पडू देऊ नका. मात्र विनापरवाना नवं बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तपासणीला लोक येतात तेव्हा नेमकं काय करतात?

आधी कागद बघतात: जुने नकाशे, गॅझेटिअर, आसपासच्या उत्खननांचे अहवाल, उपग्रहाची चित्रं. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतात. माझ्या अनुभवात नकाशापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण "आमच्या आज्याने इथली माती गाडीने नेऊन रानात टाकली" हे कुठल्याच नकाशावर नसतं.

नंतर चालणं. चार-पाच माणसं ठरावीक अंतर ठेवून ओळीत चालतात, खापरं कुठे दाट, कुठे विरळ याची नोंद करतात. तुम्हाला ते नुसतं फिरणं वाटेल, पण जागा महत्त्वाची आहे की नाही याचा निम्मा निर्णय त्यातच होतो.

गरज वाटली आणि परवानगी मिळाली तरच चाचणी खड्डा घेतात. दोरी लावून आखलेला चौकोन, त्यात खुरपं, लहान कुदळ आणि ब्रश. इंचाइंचाने माती निघते, प्रत्येक थराची माती चाळली जाते, त्या-त्या थराच्या वस्तू वेगळ्या पिशवीत जातात. राखेची माती पाण्यात कालवली की जळके दाणे तरंगून वर येतात, आणि त्यावरून त्या घरात काय शिजत होतं हे कळतं. कोळशाच्या तुकड्यावरून थराचा काळ काढता येतो. खड्डाभर मातीत सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते म्हणजे थरांचा क्रम.

हा क्रम उघडा पडलेला मी एकदा अगदी जवळून पाहिला, तोही चुकीच्या कारणाने. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. लेआउटच्या रस्त्यासाठी जेसीबीने टेकाडाचा काठ सरळ कापला होता. कापलेल्या भिंतीत माझ्या छातीच्या उंचीवर एक चूल होती. तिचा अर्धा भाग बकेटमध्ये गेला होता, अर्धा तसाच होता. भाजून विटेसारखी लाल झालेली कड, तिच्या पोटात मऊ राखाडी राख आणि राखेत बोटभर हाड. चुलीच्या खाली चोपून गुळगुळीत केलेली जमीन, तिच्या खाली बोटभर जाडीचा मातीचा थर, त्याखाली आणखी एक जमीन, मग तिसरी. कुणीतरी तीन वेळा एकाच जागी घर सारवलं होतं. जेसीबीचा चालक खाली उतरून शेजारी उभा राहिला, राखेला हात लावून म्हणाला, "ताई, ही तर आमच्या घरच्यासारखीच चूल आहे." मी दोन फोन केले, फोटो काढले, रेखाटन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा कापलेला काठ आणखी मागे सरकला होता आणि रस्त्यावर मुरूम पसरला होता. माझ्या वहीत त्या वस्तीचं एक पान आहे, तेवढीच तिची नोंद.

आम्हीच थोडं खणून पाहिलं तर काय बिघडतं?

कायद्याचं उत्तर छोटं आहे: पुरातत्त्वासाठी उत्खनन करायचं तर केंद्राची मान्यता लागते. जमीन तुमची असली तरी.

पण मला दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. तिथे डोळे दिपवणारा खजिना निघाला नाही. निघाल्या त्या घरांच्या जमिनी, खांबांचे खळगे, कणग्यांचे ओटे, जवाचे जळके दाणे. तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुलं घराच्या जमिनीखाली मिळाली. मोठी माणसं पुरताना त्यांची पावलं घोट्यापाशी तोडलेली होती. पाटाच्या पाण्याची सोय होती. आणि सुमारे इ.स.पू. १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या हेही दिसलं, म्हणजे त्या लोकांचे दिवस फिरले होते. खांबाचा खळगा म्हणजे मातीच्या रंगातला एक गोल डाग. पहारीने खणणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही.

दुसरं उदाहरण दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना गावकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. एवढी अजोड शिल्पं, पण ती पद्धतशीर उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळाली नाहीत. त्यामुळे ती नेमकी कुठल्या काळची यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. खणणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. पण वस्तू हातात असून तिचं वय हातात नाही, हे कसं होतं ते यावरून कळावं.

पाया खणताना अचानक काही सापडलं तर?

यंत्र थांबवा. वस्तू उपसू नका, धुऊ नका, घासून चकचकीत करू नका. शेजारी पट्टी नसेल तर पेन ठेवून फोटो काढा, आधी लांबून, मग जवळून. मोबाईलवर जागेची खूण करून ठेवा. वर ताडपत्री टाका. नाणी भरलेलं मडकं असेल तर ते रिकामं करू नका, आतली मातीसुद्धा पुरावा असते.

मग लेखी कळवा. १८७८ चा निधीबाबतचा, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाबाबतचा, कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय सापडलं, कुठे आणि कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवल्यास मात्र हक्क बुडत नाही. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि त्याची वाटणी झाली, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश अशी तरतूद आहे. सरकारने तो घ्यायचं ठरवलं तर वस्तू ज्या धातूची किंवा पदार्थाची आहे त्याची किंमत आणि वर त्या किमतीचा एक पंचमांश द्यावा लागतो. मजुराला सापडलं तर सापडणारा तो मजूर आहे, मुकादम नव्हे, हेही लक्षात ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणी परस्पर विकणं हा वेगळा विषय आहे. १९७२ च्या कायद्याने अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. "तालुक्याच्या गावाला एक जण चांगला भाव देतो" असं कुणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका.

हाडं किंवा सांगाडा निघाला तर?

आधी पोलीस पाटील आणि पोलीस ठाणं. तो जुना आहे की अलीकडचा, हे तुम्ही-आम्ही जागेवर ठरवायचं नाही. जुना ठरला तर त्याच्याशी आदराने वागा. तो याच गावात कधीतरी राहिलेला माणूस आहे.

कळवलं तर जमीन सरकार घेईल, ही भीती खरी आहे का?

मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि याच भीतीपोटी रातोरात टेकाडं सपाट होतात. खापरं मिळाली म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. एखादी जागा संरक्षित घोषित करायची तर आधी अधिसूचना काढून दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते आणि त्या मुदतीत तुम्हाला हरकत घेता येते. उत्खननामुळे जमिनीच्या वापराचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. बहुतेक चाचणी खड्डे नोंदी झाल्यावर बुजवले जातात आणि पुढच्या हंगामात तिथे ज्वारी उभी असते.

तरीही काहीच त्रास होणार नाही असं मी म्हणणार नाही. वेळ जातो. उत्खननाचं काम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं, परवानगीचे कागद दिल्लीपर्यंत जातात, आणि ज्याने बँकेचं कर्ज काढलंय त्याला दर महिना मोजावा लागतो. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की पाहणी प्लॉट पाडण्याआधी करून घ्या. नुसती चालत केलेली पाहणी एक-दोन दिवसांत होते. जेसीबी जागेवर आल्यावर कळलं तर सगळ्यांचंच नुकसान.

बांधकाम आणि जुनी वस्ती दोन्ही राहू शकतं का?

पुष्कळदा राहतं. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, ती टेकाडावर सोडा. रस्ता काठाने वळवा. शोषखड्डा, पाण्याची टाकी, विहीर ही खोल कामं पांढरीच्या बाहेर घ्या. थोड्या भागाला पर्यायच नसेल तर खणण्याऐवजी भर घालून उथळ पाया घेता येईल का, हे अभियंत्याला विचारा. खालचे थर झाकलेले राहिले तर ते पुढच्या पिढीसाठी टिकतात.

पांढरीची माती शेतात टाकायची जुनी रीत आहे. तीही चूक का?

राखेमुळे ती माती कसदार असते आणि धाब्याच्या घरांनाही ती लागायची, म्हणून लोक नेत आले. बैलगाडीने एक पिढी जेवढं नेई, तेवढं आता डंपरने दोन दिवसांत जातं. फरक तिथे पडला. गौण खनिजाच्या परवान्याशिवाय अशी वाहतूक करता येत नाही, हेही आहेच.

आमच्याकडे पांढरी नाहीच. कोकणात किंवा विदर्भात काय बघायचं?

कोकणात सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, बघा. रत्नागिरी आणि राजापूरच्या जांभ्याच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसं, भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांबरोबर सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण आहे. चिरेखाण सुरू करण्याआधी किंवा सड्यावर बंगला बांधण्याआधी गवत वाळल्यावर कातळ झाडून बघा. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, रेघा उठून दिसतात. भर दुपारी याच कातळावरून चालत गेलात तर काहीही दिसणार नाही.

विदर्भात दगडांची वर्तुळं. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी शेकडो आहेत, माहुरझरी आणि नायकुंडलाही आहेत. ही लोहयुगातल्या लोकांची दफनं. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. शेत साफ करताना किंवा कुंपणाला दगड हवे म्हणून वर्तुळ मोडलं की आत काय होतं हे कळायचा रस्ता बंद होतो.

बांधावर वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) आहे, बांधकामात येतोय. हलवू का?

विचारल्याशिवाय नको. त्याच्या जागेलाही अर्थ असतो. हलवणं अटळच असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि जागेची नोंद करा, आणि त्याला ऑइलपेंट फासू नका.

गुप्तधन आहे म्हणून कुणी रात्री खणायला सांगतंय.

सरळ पोलिसांना कळवा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

शेवटी कळवायचं कुणाला आणि काय लिहायचं?

तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या साहाय्यक संचालकांना. पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग यांनाही कळवता येतं, तिथले विद्यार्थी पाहणीला आनंदाने येतात.

अर्ज एका पानाचा पुरे. गाव, तालुका, गट नंबर. जागा नदीपासून साधारण किती लांब आणि आजूबाजूच्या रानापेक्षा किती उंच. काय दिसलं, कोणत्या तारखेला, किती खोल. चार फोटो. बांधकाम कधी सुरू करायचा विचार आहे. खापरं सोबत पाठवू नका, ती जिथे आहेत तिथेच राहू द्या, बघायला येणाऱ्याला ती तिथेच हवी असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावून ठेवा.